वाईट करणारा मजेत जगतोय, मग देवाच्या न्यायावर विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की ज्याने तुमच्या घराचं वाटोळं केलं तो मजेत आहे आणि आता देवासमोर हात जोडायचंही मन होत नाही. आधी हे सांगतो, असं वाटणं पाप नाहीये, त्यावरून स्वतःला नास्तिक वगैरे ठरवू नका.

माझ्या बाबांना त्यांच्याच पार्टनरने फसवलं. खोट्या सह्या करून सगळे पैसे काढून घेतले आणि वर लोकांत पसरवलं की बाबांनीच घोळ केला. बाबा त्यातून सावरलेच नाहीत, 4 वर्षांत गेले. तो माणूस आजही ठणठणीत आहे, नातवंडांत रमलाय. मी कित्येक वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होतो, त्याचे फोटो बघायचो, आता बुडेल मग बुडेल, आणि लोक म्हणायचे थांब रे, देवाच्या काठीला आवाज नसतो, पापाचा घडा भरू दे. घडा काही भरेना. एकदा कळलं त्याला हार्टचा त्रास झालाय तर मला चक्क आनंद झाला, आणि त्या रात्री मला माझीच भीती वाटली.

त्या काळात महाभारतातलं वनपर्व वाचत होतो. भर सभेत विटंबना झालेली द्रौपदी वनात बसलीय, तिकडे दुर्योधन राज्य भोगतोय, आणि ती युधिष्ठिराला सरळ विचारते की तुम्ही धर्म कधी सोडला नाहीत, मग तो धर्म तुम्हाला का राखत नाही? विधाता माणसांना बाहुल्यांसारखा खेळवतो, असल्या विधात्याला मी दोष देते असं पण म्हणते. युधिष्ठिर म्हणतो हे नास्तिकाचं बोलणं झालं, मी फळासाठी धर्म पाळत नाही, धर्माचा व्यापार करणारा हीन. बरोबरच आहे त्याचं, पण जखमेवर बोट ठेवून बसलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं असं मला वाटतं. द्रौपदी काय म्हणते बघा, मी धर्माची निंदा करत नाही, दुःखाने बोलतेय. आणि तरी गप्प बसत नाही, पुढे म्हणते नशिबावर हवाला टाकून बसू नका, काहीतरी करा. म्हणून तुमच्याकडे पुरावा असेल तर तक्रार जरूर करा, केस लढा. देवावर सोडलं म्हणजे हात बांधून बसलं असं नाही.

आणि कोणी म्हणालं ना की तुमच्याच मागच्या जन्मीचं असेल, तर ऐकूच नका. आम्हालाही ऐकवलंय हे, आईला फार लागलं होतं. बायबलमध्ये ईयोब नावाच्या एका सज्जन माणसावर संकटं कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र त्याला असंच समजावत राहतात की तूच काहीतरी पाप केलं असशील, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. इतकी गाऱ्हाणी करणाऱ्या ईयोबाबद्दल देव म्हणतो की तो माझ्याविषयी नीट बोलला.

आता न्यायाचं. मी खूप वर्षं न्याय म्हणजे त्या माणसाला शिक्षा एवढंच धरून चाललो होतो. पण 18 दिवसांच्या युद्धात कौरव संपले तरी द्रौपदीचे पाचही मुलगे झोपेत मारले गेलेच की, शत्रू मेला म्हणून तिचं गेलेलं कुठे परत आलं? शिक्षा काय, कोर्टही देऊ शकतं. पण बाबांनी मान खाली घालून काढलेली ती 4 वर्षं, ती कोण भरून देणार? ते कुठल्याच माणसाच्या हातात नाही, आणि मला देव हवाय तो तिथेच. त्याच्याकडे बाबांचा हिशोब उघडा आहे, तो बंद करून टाकलेला नाही, एवढा माझा विश्वास आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही मला. पण हे धरल्यापासून त्या माणसाच्या तब्येतीवर माझी श्रद्धा टांगलेली राहत नाही, तो सुखात दिसला म्हणून माझा देव खोटा पडत नाही.

प्रार्थना होत नसेल तर भांडा त्याच्याशी, मोठ्याने भांडा, मी पण भांडलोय. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, जमलं नाही. फोटो बघणं मात्र बंद केलंय. आता रोज देवाला एकच विचारतो, बाबांना सांगितलंस का रे, की तुमची काही चूक नव्हती म्हणून.