साडेचार वर्षांत चौथी कंपनी

कराडहून एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचं पत्र आलंय. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. १९८६ साली बीएसआरबीची (तेव्हाच्या बँक भरती मंडळाची) परीक्षा देऊन ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागले आणि २०२४ च्या मे महिन्यात त्याच बँकेतून निवृत्त झाले. मुलगी २७ वर्षांची, इंजिनिअर, हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जुलै २०२१ पासून तिच्या तीन कंपन्या झाल्या, चौथीचं ऑफर लेटर हातात आहे आणि आठ दिवसांत हो-नाही कळवायचंय. ते लिहितात : "हिला एका खुर्चीवर दोन वर्षं बसवत नाही. वय आहे तोवर आयबीपीएस देऊन बँकेत चिकट म्हणतो, तर ऐकत नाही. स्थळं येतात तेव्हा लोक विचारतात, मुलगी पर्मनंट आहे का? मी काय सांगायचं? या पिढीला कष्ट नकोत की निष्ठा नको, एवढं कळवा."

पत्र हाताने लिहिलेलं. मुद्द्यांना क्रमांक, आणि शेवटी हिशेब जुळल्यावर मारतात तशा पट्टीने मारलेल्या दोन रेघा. त्याचा फोटो मुलीनेच काढून पाठवला, सोबत स्वतःचा रेझ्युमे जोडला आणि खाली एक ओळ टाइप केली : "बाबांना प्लीज सांगा, मी नोकरी सोडत नाहीये, बदलतेय."

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात राग कमी आणि काळजी जास्त आहे, हे मला दिसतंय. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी तुमच्या नोकरीबद्दल. तुम्ही म्हणता, ३८ वर्षं एकच नोकरी केली. मला ते पटत नाही. १९८६ साली तुम्ही लागलात तेव्हा लेजरमध्ये हाताने पोस्टिंग होतं. संध्याकाळी बॅलन्सिंग जुळलं नाही तर दहा पैशांचा फरक शोधायला सगळी शाखा थांबायची. मग लेजर पोस्टिंग करणारी एएलपीएम मशिनं आली, मग काउंटरवर कॉम्प्युटर आले, मग कोअर बँकिंग आलं, सगळ्या शाखा एका यंत्रणेला जोडल्या गेल्या आणि ती जाडजूड लेजरं माळ्यावर गेली. २०१६ च्या नोव्हेंबरात तुम्ही रांगा सांभाळल्या असतील, आणि शेवटच्या वर्षांत यूपीआयने पैसे कापले पण पोचले नाहीत म्हणून भांडायला आलेले खातेदारही. लेजरवर पेन चालवणारा क्लार्क आणि स्क्रीनवर खातं उघडणारा क्लार्क यांच्या कामात साम्य किती उरलं होतं? माझ्या हिशेबाने तुम्ही चार नोकऱ्या केल्यात. दारावरची पाटी तेवढी तीच राहिली.

आता हे बदल तुमच्या वाट्याला कसे आले ते आठवा. संगणकीकरणावर १९८३ पासून युनियन आणि बँकांमध्ये करार होत गेले. मशीन आलं म्हणून कोणाच्या पोटावर पाय आला नाही. तुम्हाला बँकेच्या ट्रेनिंग सेंटरला पाठवलं गेलं, पगार चालू ठेवून. जमेना त्याला शेजारच्या टेबलवरच्याने शिकवलं. काम मरत होतं, पण माणसाला बँक एका कामावरून उचलून दुसऱ्यावर ठेवत होती.

तुमच्या मुलीचं काम बघा. कॅम्पसमधून ती मॅन्युअल टेस्टिंगला लागली. म्हणजे कोणीतरी बनवलेल्या ॲपमधलं प्रत्येक बटण दाबून बघायचं, चुकलं तर लिहून कळवायचं. ते तिच्या पिढीचं लेजर पोस्टिंग आहे, काका. ते काम आता मोठ्या प्रमाणात प्रोग्रॅम करतात. पण तिला ट्रेनिंग सेंटरला पाठवणारं कोणी नव्हतं. रेझ्युमेवर एक ऑटोमेशन टेस्टिंगचा, म्हणजे असे प्रोग्रॅम लिहायचा, कोर्स आहे, २०२३ चा, सहा महिन्यांचा, शनिवार-रविवार. त्याची फी कोणी भरली ते तिला विचारा. रेझ्युमेवर ते लिहिलेलं नाही, पण या पोरांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : स्वतःच्या पगारातून.

पगारवाढीचंही तसंच. तुमची वाढ युनियन आणि बँकांमधल्या द्विपक्षीय करारातून यायची. तुम्ही निवृत्त व्हायच्या दोन महिने आधीच, ८ मार्च २०२४ ला, बारावा करार झाला आणि १ नोव्हेंबर २०२२ पासूनची वाढ मिळाली. तुम्ही कोणाच्या केबिनमध्ये जाऊन पगार मागितला नसेल, तुमच्या वतीने युनियन टेबलावर बसत होती. वर महागाई निर्देशांकाला बांधलेला महागाई भत्ता, डीए. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय. एवढ्या काळात पुण्यात खोलीचं भाडं कुठे गेलं ते तुम्ही मुलीला भरताना पाहिलंय. त्यावर अप्रेझलमध्ये सहा-आठ टक्के मिळतात, तेही मॅनेजरच्या मर्जीवर. तिच्या वतीने बोलणारं टेबलावर कोणी नाही. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हेच तिचं युनियन आहे. ही मुलं उगाच उड्या मारत नाहीत, त्यांना वाढ मिळण्याचा दुसरा रस्ता फारसा ठेवलेला नाही.

तुमच्या दृष्टीने निष्ठा म्हणजे बँकेला धरून राहणं, आणि बँकेनेही तुम्हाला धरून ठेवलं. तुमच्या मुलीकडून मी त्या निष्ठेची अपेक्षा करणार नाही. मी तिला वेगळं विचारेन, आणि इथे तुमच्या बाजूने बोलते.

रेझ्युमे नीट वाचला. पहिली कंपनी ११ महिन्यांत सोडली. त्यातले चार महिने ती बेंचवर होती, म्हणजे प्रोजेक्टच नव्हता. ते सोडणं समजू शकते. शिवाय तो २०२२ चा काळ होता. मोठ्या कंपन्यांमधून वर्षाला शंभरातले वीसहून अधिक लोक बाहेर पडत होते आणि बाजार वाट्टेल ते देत होता. दुसरीकडे पगार बराच वाढला, पण काम तेच, मॅन्युअल टेस्टिंग. २१ महिने. तो बदल फक्त पैशांसाठी होता, आणि खरं सांगायचं तर ते दिवस वायाच गेले असते, शेवटच्या काळात तिने तो कोर्स केला म्हणून वाचले. तिसरीकडे जाताना तिने पगारवाढ जेमतेम घेतली आणि ऑटोमेशनचं काम पदरात पाडून घेतलं. आजवरचा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय हा, आणि याच वेळी घरी सगळ्यात जास्त वाद झाला असं तुम्ही लिहिलंय, कारण "एवढ्याशा वाढीसाठी कोण कंपनी बदलतं?" काका, त्या वेळी ती बरोबर होती.

चौथ्या बदलाबद्दल मात्र मला खात्री नाही. हे तिच्यासाठी लिहिते.

बाळ, तू बाबांना सांगितलेलं कारण दोन शब्दांचं आहे : मॅनेजर आणि पगार. रात्री साडेदहाला मेसेज टाकून उत्तराची वाट बघणारा मॅनेजर नकोसा होणारच, त्यात तुझी चूक नाही. पण नव्या ठिकाणचा मॅनेजर कसा असेल हे ऑफर लेटरवर छापलेलं नसतं. सही करायच्या आधी एचआरला नको, ज्या टीममध्ये जाणार आहेस तिथल्या माणसाला फोनवर दोन गोष्टी विचार. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हाताला नेमकं कुठलं काम असेल? आणि आत्ता हे काम कोण करतंय, ते का सोडतायत? उत्तर गोलमोल आलं तर थांब. दुसरं, आत्ताच्या कंपनीत तू ज्या फ्रेमवर्कवर काम करतेस ते रेझ्युमेनुसार मार्चअखेर लाइव्ह जाणार आहे. साडेचार वर्षांत तुझ्या नावावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तडीला नेलेलं एकही काम नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत कोणीतरी हे बोट ठेवून विचारणार. नोटीस पिरियड तसाही ९० दिवसांचा आहे, त्यात ते काम बसतं. नवी कंपनी बायआउट करून, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून, लवकर ये म्हणाली तरी हो म्हणू नकोस, पूर्ण ९० दिवस भर, काम लाइव्ह करून बाहेर पड. तिला खरंच तू हवी असशील तर ती थांबेल.

काका, आयबीपीएसबद्दल. मी कोणालाही बँकेत जाऊ नको म्हणत नाही. पण तुमच्या डोळ्यासमोर जी बँकेची नोकरी आहे, ती नव्याने लागणाऱ्याला मिळत नाही. तुम्हाला १९९५ च्या पेन्शन नियमावलीतली पेन्शन आहे. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ती नाही, त्यांना एनपीएस आहे : पगारातून कापलेला पैसा बाजारात गुंतवला जातो आणि जमेल तेवढ्यावर पुढचं ठरतं. डीए, करार, नोकरीची शाश्वती हे आजही आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. पण पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, झाली तर तीन-तीन वर्षांनी बदली आहे, आणि शाखेतली नवी पोरं संध्याकाळी सातला विम्याच्या टार्गेटसाठी फोन लावत बसलेली तुम्ही स्वतः पाहिली असतील. पीओसाठी वय ३० पर्यंत चालतं, म्हणजे तिच्याकडे वेळ आहे. तिला स्वतःला वाटलं तर तिने स्पेशालिस्ट ऑफिसरच्या परीक्षेतलं आयटी ऑफिसरचं पद बघावं, तिथे तिचं इंजिनिअरिंग आणि आजवरचा अनुभव कामी येईल. पण वडिलांचं मन राखायला नोकरी सोडून सदाशिव पेठेच्या अभ्यासिकेत दोन वर्षं बसणं, हे मी तिला करू देणार नाही. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. परीक्षा निघत नाही, रेझ्युमेवर खड्डा पडतो, आणि बापलेकींचं बोलणं बंद होतं ते वेगळंच.

तुमच्याकडून मला एक मदत हवी आहे आणि ती तुमच्याइतकी चांगली कोणी करणार नाही. दर बदलात या मुलांचं जे नुकसान होतं ते त्यांना दिसत नाही, कारण ते पे-स्लिपवर येत नाही. तुमच्या डोळ्याला ते लगेच दिसेल.

येत्या रविवारी ती घरी आली की तिचं ईपीएफचं पासबुक उघडायला लावा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असेल, पण तिन्ही कंपन्यांचे मेंबर आयडी वेगळे दिसतील. जुन्या दोन्हींचे पैसे चालू खात्यात ट्रान्सफर झालेत का बघा. जुन्या कंपन्यांनी डेट ऑफ एग्झिट भरलीय का आणि तारखा एकमेकींवर चढत नाहीत ना, तेही बघा. तिथे एक दिवसाची चूक असली तरी पुढे पैसे अडकू शकतात. मुलं गाडीच्या डाउन पेमेंटला पीएफ काढून मोकळी होतात. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ट्रान्सफर करत राहिलं तर ही वर्षं जोडली जातात, सगळं काढून घेतलं की पेन्शनची वर्षं पुसली जातात. ग्रॅच्युइटी मात्र गेलीच. त्यासाठी एकाच कंपनीत पाच वर्षं लागतात, आणि तीन कंपन्यांत तिला एक रुपयाही मिळालेला नाही. नव्या ऑफरमधली वाढ मोजताना हा आकडा वजा करून मोजायला शिकवा. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यात, ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तीही बाजूला काढा. हातात काय येतं ते लिहा.

विम्याचंही बघा. कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. दोन कंपन्यांच्या मधल्या पंधरा दिवसांत तापाने ॲडमिट व्हायची वेळ आली तर? तिच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच, तब्येत ठणठणीत असताना घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ती वर्षं लवकर सुरू झालेली बरी. शिवाय तिन्ही कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्रं आणि फॉर्म १६ एका फाइलीत लावा. मला खात्री आहे, तुमच्या घरी अशा फायली आहेत आणि तिच्या खोलीत एकही नाही.

हे करताना नोकरी बदलण्याचा विषय काढू नका. आकडे समोर आले की ती स्वतः विचारेल.

राहिला स्थळांचा प्रश्न. "पर्मनंट आहे का?" असं कोणी विचारलं की तुम्ही गप्प होता, असं लिहिलंय. गप्प होऊ नका. सांगा, मुलगी ऑटोमेशन टेस्टिंग करते, जुलै २०२१ पासून कामाला आहे, आणि त्यातला एकही महिना पगाराशिवाय गेलेला नाही. रेझ्युमेवरच्या तारखांवरून मी हे लिहितेय. रविवारी पासबुकातल्या महिन्या-महिन्याच्या नोंदींशी तुम्ही ते टॅली करून घ्या.