पशुवैद्यकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे : गोचीड ताप, पुरानंतरची कावीळ आणि एकट्याचा अभ्यास

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे कोल्हापूर आणि परिसरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांची आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : पाच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला ताप आला, प्लेटलेट कमी झाल्या आणि तपासणीच्या किटवर एर्लिकिया (गोचिडातून पसरणारा जंतू) पॉझिटिव्ह आले. डॉक्सीसायक्लिन आणि डिमिनाझिनचे एक इंजेक्शन दिल्यावर तो बरा झाला. दोन महिन्यांनी पुन्हा हिरड्या फिक्या पडल्या, किटही पुन्हा पॉझिटिव्ह आले. डॉक्सीसायक्लिनचा दुसरा कोर्स सुरू करावा का? (राजारामपुरी)

उत्तर : कोर्स सुरू करण्याआधी हे किट नेमके काय दाखवते, ते पाहावे. आपल्याकडे वापरली जाणारी बहुतेक किटे एर्लिकियाचा जंतू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधतात, आणि ही प्रतिपिंडे जंतू नाहीसा झाल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यामुळे दोन महिन्यांनी आलेल्या पॉझिटिव्ह निकालावरून उपचार फसले असे ठरत नाही. आधीचा कोर्स दर किलो वजनाला दिवसाला 10 मिलिग्रॅम या मात्रेने पूर्ण 28 दिवस झाला होता का, हे मालकांना विचारावे. दहाव्या दिवशी कुत्रा खाऊ लागला की गोळ्या बंद करणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आपल्या पत्रात मला प्लेटलेटपेक्षा फिक्या हिरड्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. कानाच्या पाळीच्या कडेला टोचून निघालेल्या रक्ताच्या पहिल्या थेंबाचा काचपट्टीवर पातळ थर (स्मिअर) करावा, जिम्सा रंग द्यावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली किमान दहा मिनिटे पाहावा. लाल पेशीत नासपतीच्या आकाराची मोठी जोडी दिसली तर तो बहुधा बॅबेसिया व्होगेली, म्हणजे लाल पेशींत राहणारा परजीवी, असतो. अंगठीसारखे बारीक ठिपके दिसले तर बॅबेसिया गिब्सोनीचा विचार करावा. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण डिमिनाझिन आणि इमिडोकार्ब ही दोन्ही औषधे मोठ्या बॅबेसियावर चांगली चालतात, मात्र गिब्सोनीला शरीरातून हटवू शकत नाहीत. कुत्रा काही आठवडे बरा दिसतो आणि पुन्हा खालावतो. आपल्या लॅब्रॅडॉरची हकिगत मला तशीच वाटते. स्मिअरमध्ये काही दिसले नाही म्हणून गिब्सोनी नाही असे मात्र ठरवू नये. शंका राहिल्यास ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतील रक्त पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवावे.

गिब्सोनीसाठी सर्वाधिक आधार असलेला उपचार म्हणजे दर किलोला 13.3 मिलिग्रॅम अटोव्हाक्वोन, दर आठ तासांनी, तेही तूप किंवा चरबीयुक्त अन्नाबरोबर, आणि त्यासोबत दर किलोला 10 मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा. दोन्ही औषधे दहा दिवस द्यावीत. अटोव्हाक्वोन एकटे देऊ नये, त्याने प्रतिकारक्षम जंतू लवकर तयार होतात. हे औषध माणसांच्या मलेरियासाठी प्रोग्वानिलबरोबर एकत्र मिळते आणि महाग असते. त्या जोडगोळीने काही कुत्र्यांना उलट्या होतात, हे मालकांना आधीच सांगावे. खर्च परवडत नसेल तर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सीसायक्लिन यांची जोडणी काही ठिकाणी वापरली जाते, मात्र तिचा परिणाम सावकाश येतो आणि संसर्ग पूर्ण जाण्याची खात्री कमी असते. उपचार संपल्यावर 60 आणि 90 दिवसांनी पीसीआर करावे. हा कुत्रा तोवर रक्तदाता म्हणून वापरू नये, कारण गिब्सोनी दिलेल्या रक्तातून आणि भांडणातल्या चाव्यातूनही पसरतो.

गोचिडाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर असतो. बाकीचा काळ तो भिंतीच्या फटींत, कुत्र्याच्या अंथरुणाखाली आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात काढतो. गंगावेशीतल्या जुन्या वाड्याला लाकडी पट्ट्या आणि मातीच्या भिंती असतील, तर महिन्यातून एकदा दिलेली गोळी पुरेशी ठरते की नाही, हे घर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर या गटातली गोचीडनाशक औषधे उत्तम आहेत. फिट येण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ती देण्यापूर्वी मात्र मालकांशी स्पष्ट बोलावे.

प्रश्न : पावसाळ्यात नदीकाठच्या भागातून कावीळ आणि लघवी कमी झालेली कुत्री येतात. त्यांना लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा जंतुसंसर्ग) समजावे का, आणि लस कोणाला द्यावी? (शाहूपुरी)

उत्तर : ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे पूर ज्यांनी पंचगंगेच्या काठी अनुभवले, त्यांना उंदरांचे मूत्र मिसळलेले पाणी कुठवर पोहोचते हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात अचानक आलेला ताप, उलट्या, कावीळ आणि रक्तात वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) एकत्र दिसले तर लेप्टोस्पायरोसिस धरूनच चालावे आणि निदान पक्के होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. फक्त अँटिबायोटिकची पहिली मात्रा देण्याआधी रक्त आणि मूत्राचे नमुने घेऊन ठेवावेत, कारण नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात रक्ताचे आणि त्यानंतर मूत्राचे पीसीआर अधिक उपयोगी ठरते. पहिल्या भेटीतच दोन्ही पाठवले तर कालमोजणीची चूक भरून निघते. एमएटी ही प्रतिपिंडे मोजणारी चाचणी एकदाच करण्यापेक्षा एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केली तरच तिचा अर्थ नीट लागतो.

उलट्या थांबेपर्यंत शिरेतून अॅम्पिसिलिन आणि नंतर तोंडावाटे डॉक्सीसायक्लिन, दर किलोला 5 मिलिग्रॅम बारा तासांनी, दोन आठवडे द्यावे. नुसत्या पेनिसिलिनवर थांबल्यास मूत्रपिंडात दडलेला जंतू तसाच राहतो. हा आजार माणसांना होतो, म्हणून पिंजरा धुणाऱ्या मदतनिसाला हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण द्यावे आणि मूत्रावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, असे त्याला सांगावे.

लशीबाबत जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की जिथे हा आजार स्थानिक आहे, कोणते सेरोगट (जंतूचे उपप्रकार) कारणीभूत आहेत हे माहीत आहे आणि त्यांच्यासाठी योग्य लस मिळते, तिथे ही लस मूळ, म्हणजे प्रत्येक कुत्र्याला द्यायच्या, लसींत गणावी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी मी ती बाहेर फिरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला देतो : पहिल्या दोन मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी. लशीच्या कुपीवर कोणते सेरोगट लिहिले आहेत ते वाचावे आणि लस दिलेल्या कुत्र्यालाही हा आजार होऊ शकतो, हे मालकांना सांगून ठेवावे.

प्रश्न : दवाखान्यात मी एकटीच आहे. परिषदांना जाणे जमत नाही. अभ्यास चालू कसा ठेवावा? (इचलकरंजी)

उत्तर : मॅडम, आपण विचारलेला प्रश्न मला तिन्हींत अवघड वाटतो, कारण व्याख्यान ऐकणे सोपे असते, मात्र दुसऱ्या दिवशी टेबलावरची आपली सवय बदलणे अवघड जाते. म्हणून मी असे सुचवेन की महिन्याला एकच विषय घ्यावा आणि तो आपल्याच नोंदवहीतून निवडावा. उदाहरणार्थ, गेल्या महिन्यात अचानक जुलाब झालेल्या किती कुत्र्यांना आपण मेट्रोनिडाझोल दिले, ते मोजावे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सौम्य आणि मध्यम आजारात, जुलाबात रक्त असले तरीही, अँटिबायोटिक देऊ नये असे सांगतात. तीव्र आजारी, तापाने फणफणलेला आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची (सेप्सिसची) चिन्हे दाखवणारा कुत्रा त्याला अपवाद आहे. ते वाचून पुढच्या महिन्यात ज्यांना औषध दिले नाही, त्यांचे काय झाले हे फोन करून विचारावे आणि लिहून ठेवावे. मालक इंजेक्शनचा आग्रह धरतात, हे खरे आहे. मी त्यांना जलसंजीवनीची मात्रा आणि दवाखान्यात परत कधी आणायचे, हे कागदावर लिहून देतो. रिकाम्या हाताने परत पाठवल्यासारखे वाटू नये, इतकेच त्यामागे असते.

कंपनीने आयोजित केलेल्या व्याख्यानांना जरूर जावे, मात्र त्याच औषधाबद्दल स्वतंत्रपणे लिहिलेले एक तरी पान आधी वाचून जावे. गोंधळात टाकणारी केस असेल तर पुणे-बंगळुरू महामार्गावरचे शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडते. नमुना पाठवण्याआधी फोन करून नळी कोणती, बर्फ लागेल का आणि कोणत्या दिवशी नमुने स्वीकारतात, ही माहिती विचारून घ्यावी.