आर्गॉन निष्क्रिय असताना ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आग्रह कशासाठी?

आर्गॉन कशाशीच संयोग पावत नसेल, तर वेल्डिंगसाठी ९९.९ टक्क्यांऐवजी ९९.९९९ टक्क्यांचा महाग सिलिंडर का घ्यावा, असे आपण विचारले आहे. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून वेल्डिंगमध्ये त्यावर आर्गॉन सोडतात. आर्गॉन निष्क्रिय असतो. त्यात राहून गेलेला ऑक्सिजन आणि ओलावा निष्क्रिय नसतात. पहिल्या सिलिंडरमध्ये दर दहा लाख भागांत १,००० भाग परके असू शकतात, दुसऱ्यात १०. आर्गॉन द्रवरूप हवेतून उकळबिंदूच्या फरकावर वेगळा काढतात. तो उणे १८६ अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, त्यामुळे शेवटचा ऑक्सिजन वेगळा काढणे खर्चिक पडते.

एका दुग्धप्रकल्पासाठी मी स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचे टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकातून ठिणगी पाडून, आर्गॉनच्या आवरणात केलेले जोडकाम) करीत होतो. एके दिवशी जोड राखाडी येऊ लागले, आणि एक नळी कापून पाहिली तेव्हा, आतूनही आर्गॉन सोडलेला असताना, जोडाच्या आतल्या बाजूला जळक्या साखरेसारखा काळा, खरबरीत थर दिसला. असा जोड धुऊन स्वच्छ होत नाही. त्यात दूध अडकून नासते. सुपरवायझरांनी सर्वांदेखत माझा हात बिघडल्याचे सांगितले. मी टंगस्टन घासले, वायूची नळी बदलली, टॉर्चच्या तोंडाचा कप बदलला. फरक पडला नाही. शेवटी घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर, तार न घालता, तेवढाच करंट आणि तेवढाच प्रवाह ठेवून वापरात असलेल्या सिलिंडरच्या वायूवर एक ठिपका वितळवला आणि शेजारी दुसऱ्या सिलिंडरवर दुसरा. पहिला मळकट निघाला व टंगस्टनचे टोक काळवंडले. दुसरा चांदीसारखा आला. पहिला सिलिंडर आधी पूर्ण रिकामा होऊन झडप उघडी राहिली होती आणि आत शिरलेली दमट हवा न काढताच तो पुन्हा भरला गेला होता, हे पुढे कळले. तरीही सुपरवायझरांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत. कारागिराला बोल लावण्यापूर्वी दोन मिनिटांची ही चाचणी करणे हे देखरेख करणाऱ्याचे काम आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

अर्थात प्रत्येक राखाडी जोडाला वायू जबाबदार नसतो. वायूच्या नळीचे बारीक छिद्र, पंख्याचा झोत किंवा जास्त सोडलेला प्रवाहही हवा ओढून घेतो. साध्या कामाला ९९.९९ टक्के बहुधा पुरतात, टायटॅनियमला मात्र नाही. आर्गॉन हवेहून सुमारे १.४ पट जड आणि गंधहीन आहे, म्हणून तो तळाशी साचून श्वासाची हवा नकळत हटवतो; तो सोडलेल्या टाकीत आतली हवा तपासल्याशिवाय उतरू नका. सिलिंडर परत करताना थोडा दाब शिल्लक ठेवून झडप बंद करा.