लाल आकडे गेले तरी आवाज मागे का राहतो

तुमचा प्रश्न मला नीट समजलाय का ते आधी बघतो. आजी जात्यावर ओव्या म्हणतायत, ५२ मिनिटांचा व्हिडिओ फोनवर घेतलाय, आवाज कॉलर माइक लावून वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला ३० फ्रेमच्या (म्हणजे ३० चित्रांच्या) टाइमलाइनवर दोन्ही आणून सुरुवातीला जुळवलं, मग काटछाट केली, बहुतेक तुकडे तीन-चार मिनिटांचे आणि एक सलग २२ मिनिटांचा, आणि क्लिपांवर लाल आकडे उगवले, कुठे ३, कुठे ७, कुठे १२. ते तुम्ही दोन रात्री बसून एकेक करून घालवलेत आणि तरी साधारण चाळिसाव्या मिनिटानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, शेवटी तर आवाज ५ फ्रेम मागे.

यात दोन वेगळ्या भानगडी एकमेकींत अडकल्यात. तो लाल आकडा फक्त एवढंच सांगतो की एकाच फाइलमधला व्हिडिओ आणि त्याचाच ऑडिओ, जे लिंक केलेले आहेत, ते एकमेकांपासून किती फ्रेम सरकलेत. म्हणजे तुमच्याकडे तो फोनच्या स्वतःच्या आवाजावर, ए१ या पहिल्या ऑडिओ ट्रॅकवर येतोय. रेकॉर्डरचा आवाज तुम्ही ए२ वर, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकवर, नुसता आणून ठेवलाय, तो कशाशीच लिंक नाही, त्यामुळे तो कितीही घसरला तरी तिथे आकडा येणारच नाही. तुम्ही दोन रात्री ए१ दुरुस्त करत होतात आणि ऐकत होतात ए२. मी पण एका कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला हेच केलं होतं, सगळे आकडे गेले म्हणून निर्धास्तपणे एक्सपोर्ट केलं आणि बघतो तर टाळ आदळताना दिसतो आणि त्याचा आवाज मागून येतो, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

आकडे का आले ते सोपं आहे. लिंक्ड सिलेक्शनचं (व्हिडिओ आणि ऑडिओ एकत्र निवडणारं) बटण बंद राहिलं असेल, किंवा ए१ चा सिंक लॉक (ट्रॅक एकत्र सरकवणारा) बंद असताना रिपल डिलीट (तुकडा काढून मोकळी जागा आपोआप भरणं) झालं असेल, व्हिडिओ पुढे आला आणि ऑडिओ तिथेच राहिला. लाल आकड्यावर राइट क्लिक केलं की दोन पर्याय येतात. मूव्ह इन्टू सिंक क्लिपची जागाच हलवतो, म्हणून शेजारी चिकटून दुसरी क्लिप असेल तर जपून. स्लिप इन्टू सिंक क्लिप आहे तिथेच ठेवतो आणि आतला आवाज सरकवतो. काटछाट झालेल्या टाइमलाइनवर मी जवळपास नेहमी स्लिपच वापरतो. अनलिंक केलं तरी आकडा जातो, पण ते करू नका, त्याने काहीच जुळत नाही, फक्त दिसायचं बंद होतं.

आता खरं दुखणं. फोन आणि रेकॉर्डर दोघांच्या आत आपापलं घड्याळ असतं, क्रिस्टलचं, आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. ५ फ्रेम म्हणजे साधारण १६७ मिलिसेकंद, ५२ मिनिटांत एवढं म्हणजे दहा लाखांत ५०-५५ चा फरक, साध्या उपकरणांत हे अगदी नेहमीचं आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले त्याचा, घोळ असता तर तासाचा आवाज ५५ मिनिटांत संपला असता, आणि २९.९७ नि ३० फ्रेमचा असता तर तासाला साडेतीन सेकंदांच्या वर गेला असता, त्यामुळे ते दोन्ही संशय सोडून द्या. चाळिसाव्या मिनिटापर्यंत कळलं नाही यालाही कारण आहे. आवाज ओठांच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतो पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत बहुतेकांना कळत नाही, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीत हेच आकडे आहेत, आणि तुमचा हिशोब केला तर १२५ ची रेघ बरोबर ३९ व्या मिनिटाला ओलांडली जाते.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या, फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटचे असतात, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे कमीजास्त होत राहतं. नवीन सिक्वेन्स (म्हणजे टाइमलाइन) करून त्यात न कापलेला मूळ व्हिडिओ टाका आणि पन्नासाव्या मिनिटाला फोनचाच आवाज ऐका. ओठांशी जुळला तर फोन निर्दोष. नाही जुळला तर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये फ्रेम रेट मोड व्हेरिएबल दिसतो का बघा, दिसला तर हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल नवीन करून घ्यावी लागेल.

फोन निर्दोष निघाला तर स्पीड ड्युरेशनमध्ये जाऊन ए२ चा वेग १००.०१ टक्के करायचा मोह होईल, पण तो टाळा. ०.०१ टक्का म्हणजे ५२ मिनिटांत ३१२ मिलिसेकंद, ९ फ्रेमच्या वर, म्हणजे आत्ता ५ फ्रेम मागे आहे तो ४ फ्रेम पुढे जाईल आणि पुढे आलेला आवाज जास्त खटकतो.

त्यापेक्षा, तुमची काटछाट झालेलीच आहे, तिचाच फायदा घ्या. आधी सिक्वेन्सची डुप्लिकेट काढा. मग स्लिपने ए१ चे सगळे आकडे घालवा, म्हणजे प्रत्येक तुकड्यात फोनचा आवाज ओठांवर आला. आता एकेका तुकड्याचा ए२ त्याच्याच ए१ शी जुळवायचा, पूर्ण ५२ मिनिटांचा एकदम नाही. घसरण दहा मिनिटांना एक फ्रेम आहे, तुमचे बहुतेक तुकडे तीन-चार मिनिटांचे, तेवढ्यात अर्धा फ्रेमसुद्धा होत नाही. तो सलग २२ मिनिटांचा तुकडा आहे त्यात पाच मिनिटांनी पहिला कट आणि पुढे दर दहा मिनिटांनी एक, प्रत्येक ठिकाणी ए२ मधला एक फ्रेम काढून उरलेला डावीकडे ओढायचा. ओवी संपून आजी श्वास घेतात तिथे कट घ्या, आणि जात्याची घरघर चालूच असते म्हणून वर दोन-तीन फ्रेमचा कॉन्स्टंट पॉवर क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढतो तो) द्या, नाहीतर टक्कन आवाज येईल.

जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी रेकॉर्डिंगमध्ये नाही म्हणालात, पण आजींच्या बांगड्या आहेत ना. तुम्ही टाकलेल्या क्लिपमध्ये हात फिरून वर येतो तेव्हा बांगडी खुंट्याला लागते, त्याचा वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, सुईसारखा उंच काटा दिसतो, ए१ मध्ये पण आणि ए२ मध्ये पण. टाइमलाइनच्या मेनूतून शो ऑडिओ टाइम युनिट्स चालू करा, मग क्लिप फ्रेमच्याही आत सरकवता येते, एका फ्रेममध्ये ४८ किलोहर्ट्झला १६०० सॅम्पल असतात, एवढी जागा मिळते. दोन्ही काटे एकाखाली एक आणा. अगदी सॅम्पलला सॅम्पल बसवत बसू नका, फोन तीन मीटरवर होता म्हणजे त्याच्यापर्यंत आवाज पोचायलाच ९ मिलिसेकंद लागलेत. त्याच कारणाने शेवटी ए१ म्यूट करा, दोन्ही एकदम वाजले तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, पण डिलीट करू नका, पुढे परत काही हललं तर तोच कामाला येणार आहे.

आणि हे सगळं वायरच्या हेडफोनवर तपासा, ब्लूटूथवर आवाज मुळातच उशिरा येतो आणि तुम्ही जुळलेलं परत बिघडवून बसाल. २२ मिनिटांच्या तुकड्यात पंधराव्या मिनिटाला पण अडकलात तर तिथला स्क्रीनशॉट टाका, ए१ आणि ए२ दोन्ही उघडे ठेवून, मी बघतो.