टीडीचं इंजिन काढू नका

प्रश्न : वडिलांची 1951 ची एमजी टीडी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, अकरा वर्षं शेडमध्ये झाकून होती. गेल्या महिन्यात मेकॅनिकने चालू करून दिली, पण रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा तेलाचा डाग पडतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन संपलंय, मारुतीचं बसवू. मला गाडी चालवायची आहे, नुसती पुसत बसायची नाही. काय करू?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : आधी हात जोडून सांगतो, ते इंजिन काढू देऊ नका. दांडिया बाजारातल्या मामांच्या गॅरेजमध्ये मी सोळाव्या वर्षी पहिल्यांदा पाना धरला, स्टँडर्ड हेराल्डवर. त्याच हेराल्डची चॅसी आखूड करून ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, हे कळलं तेव्हापासून या गाड्यांनी मला सोडलेलं नाही.

तुमच्या टीडीत 1250 सीसीचं एक्सपीएजी इंजिन आहे. त्याच्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखा रबरी सील नाही. तिथे मळसूत्रासारखी खाच कोरलेली असते. क्रँक फिरतो तेव्हा ती तेल परत आत ढकलते. इंजिन थांबलं की खाचही थांबते आणि तेल ठिबकतं. तेवढ्या डागावरून इंजिन संपलं म्हणणं चूक आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, मोजा. इंजिन चांगलं गरम झाल्यावर रस्त्यावर तेलाचा दाब 40 पीएसआयच्या वर राहत असेल, तर त्यात पुष्कळ जीव आहे.

आता आटे. हे नीट वाचा, कारण इथे मी स्वतः नुकसान केलं आहे. हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिसने 1923 मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला, आणि तिथली यंत्रं मेट्रिक मापाची होती. म्हणून या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाच्या, पान्याची. डोकं पाहून मी एकदा ब्लॉकमध्ये बीएसएफ, म्हणजे इंची आट्यांचा, बोल्ट फिरवला. दोन फेरे गेला, तिसऱ्याला अडकला, मी जोर लावला. बाहेर काढला तेव्हा टोकाला बिडाचा चुरा लागला होता. मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्याने ते भोक वाचवलं. तुमच्या मेकॅनिकला हे आधी सांगा. आणि बॅटरी लावताना पाहा : मूळ गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो.

दाराचा दोष पत्र्यात नाही, लाकडात आहे. टीडीचा पत्रा अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि दाराच्या बिजागऱ्या मागच्या खांबाला असतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या खांबात दाबून बघा. लाकूड टणक असेल तर टोक घसरेल. कुजलं असेल तर ओल्या बिस्किटात जावं तसं आत जाईल. अकरा पावसाळे एका जागी काढलेल्या गाडीत मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. बिजागरीला वेल्डिंग करून काही होणार नाही. चांगला सुतार शोधा आणि जुना तुकडा, मोडला असला तरी, मापासाठी जपून ठेवा. सागवान चालतं, मी वापरलंय.

चालवायची आहे म्हणता, तर ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे रबर आणि टायर आधी बदला, नक्षी शिल्लक असली तरीही. दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या घुमटीत, पातळ तेल घाला; कार्बोरेटरमधला पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मे महिन्यासाठी रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावा, डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. या बदलांना माझा मुळीच विरोध नाही, कारण उद्या तुमच्या मुलाला ते तासाभरात काढता येतील. मारुतीच्या इंजिनासाठी मात्र माउंटिंग कापावी लागतील, गिअरबॉक्स जाईल.

शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही ठरवण्याआधी लक्षात घ्या.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि त्या खांबाचा फोटो मला पाठवा. इंजिन खरंच उघडावं लागलं, तर कुठून सुरुवात करायची ते पुढच्या अंकात लिहितो.