कॅनडातलं क्वेबेक सिटी कमी खर्चात: पहिल्यांदाच जाताय तर

कमी खर्चात क्वेबेक सिटी बघायचा बेत छान आहे, बिनधास्त जा! जुनं शहर (१९८५ पासून जागतिक वारसा) पायीच बघायचं असतं. भाड्याची गाडी घेऊ नका, पार्किंगमध्येच पैसे जातात.

- तटबंदीवरून चाला. सुमारे ४.६ किलोमीटर, फुकट.
- खालच्या पेठेत जिन्याने उतरा.
- नदीपलीकडच्या लेव्ही शहराला जाणारी फेरीबोट अजिबात चुकवू नका. दहा-बारा मिनिटांत सेंट लॉरेन्स नदी ओलांडते आणि परतताना कड्यावरचं शातो फ्रोंतनाक हॉटेल समोर उभं! मग महागड्या क्रूझची गरजच उरत नाही.

नवखे फसतात ते जेवणात. मेन्यूवरच्या किमतीत जवळपास १५ टक्के कर धरलेला नसतो, वर टिप वेगळी. म्हणून मुख्य जेवण दुपारी घ्या, बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा स्वस्त पडतं.

हिवाळ्यात जाणार असाल तर आधी सांगा, कपड्यांचं गणित वेगळं आहे.