जुन्या पुस्तकांसाठी पहिली पेटी

आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या पुस्तकांसाठी पेट्या करायच्यात आणि त्यांच्या बांधणीचं चामडं हाताला तांबडी भुकटी लावतंय म्हणता, तर त्याला तेल, पॉलिश काहीही लावू नका. ती भुकटी म्हणजे चामडं आतून कुजल्याची खूण. तेलाने ते बरं होत नाही, उलट काळं पडतं.

पहिलीच पेटी झाकणाची करायला जाऊ नका. चार पाखांचं पाकीट करा: कार्डाच्या दोन पट्ट्या अधिक चिन्हासारख्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये पुस्तक, चारही पाखं वर दुमडून सुती नाडीने बांधायची. चिकटवायचं फक्त मधल्या चौकोनात, तेही पुस्तक ठेवण्याआधी.

नवशिके हटकून चुकतात ते इथे:

- माप एकदाच घेतात. जुनं पुस्तक चौकोनी राहिलेलं नसतं. लांबी, रुंदी, जाडी तीन-तीन ठिकाणी मोजा, मोठं माप धरा, वर १-२ मि.मी. सोडा. सैल पेटीत पुस्तक घासतं.
- मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा वापरतात. आम्लविरहित (ॲसिड-फ्री) कार्डच घ्या. महाग आहे, पण इथे काटकसर नको.
- सेलोटेप, रबरबँड. नकोच.
- कार्डाचा धागा (आतले तंतू ज्या दिशेने असतात ती दिशा) न बघता दुमडतात आणि घडी फुटते. आधी हलकं वाकवून बघा, सहज वाकेल त्या दिशेने घडी.

आणि आपला गोव्याचा पाऊस! हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, म्हणून दमट पुस्तक पेटीत कधीच बंद करू नका. काम डिसेंबर-जानेवारीत काढा. पेट्या बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा.

पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा परत चिकटवायचं सध्या डोक्यातून काढा. एखाद्या रद्दी पुस्तकावर पाकीट करून बघा आणि अडलं तर विचारा.